खोकला नसलेला क्षय

शाळेत आरोग्याचा पाठ घेताना आपण क्षयाची लक्षणे विचारतो. मुले घडाघडा सांगतात: दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त. आपण पैकीच्या पैकी गुण देतो. उत्तर बरोबरच असते. पण भारतात आज ज्यांची क्षयरोगी म्हणून नोंद होते त्यांतल्या सुमारे पाव हिश्श्याचा आजार फुप्फुसात नसतो. तो मानेच्या गाठींत असतो, फुप्फुसाच्या आवरणात, मणक्यात, आतड्यात, मेंदूच्या आवरणात असतो. मूत्रपिंडात असतो आणि पुरुषाच्या जननेंद्रियांतही असतो. हे रोगी खोकत नाहीत. त्यांना आपले उत्तर वाचून दाखवले तर ते म्हणतील, हा आजार आमचा नव्हे.

या लेखात आपण शेवटच्या दोन जागांचा विचार करणार आहोत. विषय थोडा अवघडल्यासारखा वाटेल, आणि हे अवघडलेपणच या रोगाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे.

सुरुवात रायगडच्या किनाऱ्यापासून करू. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या गावांचा मुंबईशी संबंध रस्त्याने कमी आणि पाण्याने जास्त. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट रेवसला, धरमतरला माणसे उतरवी. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या आठवणीने आजही या भागातल्या म्हाताऱ्यांचा आवाज बदलतो. पण याच बोटींतून वर्षानुवर्षे आणखी एक प्रवासी गुपचूप ये-जा करत होता. गिरणगावातल्या एका खोलीत गावचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत. खोली कोंदट, खिडकी एखादीच. सूत तुटू नये म्हणून गिरणीतली हवाही दमट ठेवलेली. अंगात ताप मुरला, कामाला उभे राहवेना, की चाकरमानी बोचके बांधून गावी परते, कारण त्या खोलीत आजाऱ्याला अंथरूण टाकायला जागाच नसे. म्हणून मुंबईत लागलेल्या कित्येक क्षयांची अखेर कुलाबा-रत्नागिरीच्या एखाद्या पडवीत झाली आणि मुंबईच्या मृत्यूंच्या आकड्यांत ती कधी आलीच नाही.

जे परतले ते सगळे मेले नाहीत. बरेच जण चार महिने हवापालट करून, मासळी-भात खाऊन सावरले आणि पुन्हा बोटीत बसले. आपली गोष्ट या सावरलेल्यांची आहे.

त्याआधी अलिबागचेच आणखी एक नाव घ्यायला हवे. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांची बदली कल्याणहून अलिबागला झाली तेव्हा त्यांची लहानगी पत्नीही तिथे आली. ती आनंदीबाई. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळवली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, ती पुण्यात क्षयाने गेली. ती वैद्यक शिकत होती त्या काळात क्षयाचा जंतू नुकताच सापडला होता. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये तो २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. शत्रूचे नाव कळले होते, पण त्याला मारणारे औषध हाती यायला अजून साठ वर्षे होती. डॉक्टर झालेल्या बाईलाही त्या साठ वर्षांतून वाट नव्हती.

जंतू सापडण्यापूर्वी आपल्याकडे या रोगाचे कारण काय मानत? चरकसंहितेत राजयक्ष्म्याची चार कारणे दिली आहेत: शक्तीबाहेरचे साहस, मलमूत्रादी वेग अडवून धरणे, धातूंचा क्षय आणि अवेळी-अयोग्य आहार. तिसऱ्या कारणात शुक्राचा अतिरिक्त व्यय महत्त्वाचा. शुक्र हा सातवा, शेवटचा धातू. तो आटला की त्याआधीचे धातू उलट्या क्रमाने आटत जातात, अशी ती उपपत्ती. तिच्याशी जोडलेली कथाही सर्वश्रुत आहे. चंद्राने दक्षाच्या मुलींपैकी एकट्या रोहिणीवर लोभ ठेवला, म्हणून त्याला क्षयाचा शाप मिळाला. आपल्या काळाच्या साधनांनी निरीक्षण करणाऱ्या वैद्यांची ही मांडणी होती आणि तिला हसण्याचे कारण नाही. रोगी खंगतो, निस्तेज होतो, हे त्यांनी अचूक टिपले होते. पण या उपपत्तीची एक सावली समाजात फार लांब पडली. क्षय झालेला पुरुष म्हणजे कुठेतरी वाहवलेला पुरुष, असा संशय तिच्यातून रुजला. आणि आजार नेमका त्याच अवयवांना झाला असेल तर संशयाची खात्रीच होई.

विज्ञानाने पुढे जे दाखवले ते जवळजवळ उलटे आहे. शुक्र गेल्यामुळे क्षय होत नाही. क्षयाचा जंतू शुक्राची वाट बंद करतो.

हे कसे घडते ते पाहू. जंतू शरीरात शिरतो तो बहुधा श्वासातूनच. फुप्फुसात त्याची पहिली वस्ती होते आणि शरीर तिला वेढा घालते. पण वेढा पुरा होण्याआधी काही जंतू रक्तात उतरतात आणि अंगभर फिरतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो, म्हणजे दर मिनिटाला एक लिटरहून अधिक. तेव्हा फिरणारे जंतू तिथे पोचणार हे उघडच आहे. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात प्राणवायूही भरपूर असतो आणि या जंतूला प्राणवायू लागतो. तिथे बारीक बारीक गाठी तयार होतात. बहुतेक भरून येतात. काहींत जंतू जिवंत राहतात आणि झोपून जातात.

अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ मेडलर यांनी १९२६ साली फुप्फुसाच्या क्षयाने मेलेल्या माणसांची मूत्रपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने तपासली. जिवंतपणी या माणसांना लघवीची काही तक्रार नव्हती. तरी त्यांच्या मूत्रपिंडांत सूक्ष्म व्रण सापडले, बहुधा दोन्ही बाजूंना, आणि त्यांतले कित्येक भरून आलेले. तोवर शल्यवैद्य मूत्रपिंडाचा क्षय एकाच बाजूचा रोग मानत आणि ती बाजू कापून काढली की काम झाले असे समजत. मेडलरच्या काचपट्ट्यांनी त्या समजाला धक्का दिला. १९३७ साली बर्नचे शल्यवैद्य हान्स विल्डबोल्झ यांनी मूत्रमार्ग आणि जननमार्ग यांच्या क्षयाला मिळून एक नाव दिले. मूत्रपिंडाचा क्षय आणि अंडाशेजारच्या गाठीचा क्षय हे दोन स्वतंत्र रोग नव्हेत, ते रक्तातून पसरलेल्या एकाच रोगाचे दोन मुक्काम आहेत, हे त्या नावात आले. वैद्यकात नाव देणे म्हणजे पुष्कळदा अर्धे निदान करणे असते.

आता आपल्या चाकरमान्याकडे येऊ. समजा, तो बाविसाव्या वर्षी छातीत पाणी होऊन गावी आला आणि बरा झाला. झोपलेले जंतू पाच वर्षांनी जागे होतात, दहा वर्षांनी होतात, कधी वीस वर्षांहूनही अधिक काळ जातो. अडतिसाव्या वर्षी त्याला लघवीला जळजळ सुरू झाली. रात्रीतून चार-पाचदा उठावे लागते. आपण याला काय म्हणतो? उन्हाळी लागली. सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी, शहाळे. काही चुकीचे नाही, बहुतेक वेळा ती उन्हाळीच असते. पण महिना गेला, दोन महिने गेले आणि लघवी गढूळ होऊ लागली, मधूनच लालसर. मग डॉक्टर, लघवीची तपासणी. तपासणीत पू दिसतो, म्हणजे पांढऱ्या पेशी. पण नेहमीच्या पद्धतीने जंतू वाढवायला ठेवले तर दोन दिवसांनी तबकडी कोरीच.

पू आहे आणि जंतू नाही, या कोड्याचे उत्तर गणिताच्या शिक्षकांना आवडेल. लघवीच्या नेहमीच्या संसर्गातला जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला सुमारे वीस तास लागतात. पहिल्याची वसाहत रात्रीत डोळ्यांना दिसते, तर दुसऱ्याची दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेही अंड्याच्या बलकाचे खास माध्यम दिले तर. दोन दिवसांनी तबकडी टाकून देणाऱ्या प्रयोगशाळेला तो कसा भेटणार?

थेट सूक्ष्मदर्शकाखाली का बघू नये? बघत असत. कॉख यांच्या शोधानंतर लवकरच रुमानियाचे व्हिक्टर बाबेश यांनी रोग्यांच्या लघवीत हे जंतू दाखवले होते. क्षयाच्या जंतूला लाल रंग दिला की तो आम्लाने धुतला तरी उतरत नाही, ही त्याची ओळख. पण तसाच रंग धरून ठेवणारा एक निरुपद्रवी भाऊबंद पुरुषाच्या पुढच्या त्वचेखालच्या मळात राहतो आणि लघवीबरोबर नमुन्यात उतरतो. त्याला क्षयाचा जंतू समजून निदान केल्याची उदाहरणे जुन्या वैद्यकात पुष्कळ आहेत. म्हणून लघवी गिनी पिगला टोचायची आणि तो प्राणी आजारी पडतो का याची काही आठवडे वाट पाहायची, ही रीत अनेक वर्षे चालली. शिवाय मूत्रपिंडातून जंतू रोज सुटत नाहीत, मधूनमधून सुटतात. त्यामुळे पहाटेची पहिली, रात्रभर साठलेली लघवी, तीही ओळीने तीन ते पाच दिवस घ्यावी लागते. श्रीवर्धनच्या माणसाने हे नमुने मुंबईला कसे पोचवायचे, याचा विचार पाठ्यपुस्तके करत नाहीत.

तोवर आत काय होत असते? बाहेरच्या थरातली गाठ फुटून जंतू बारीक नळ्यांतून मूत्रपिंडाच्या गाभ्याकडे उतरतात. तिथे क्षारांचे प्रमाण इतके असते की पांढऱ्या पेशींना काम करणे जड जाते. गाभा कुरतडला जातो आणि पोकळ्या पडतात. लघवीबरोबर जंतू मूत्रवाहिनीत येतात. तिथे व्रण होतो, भरतो आणि भरताना नळी आखडते. मूत्राशयाची भिंतही अशीच जाड व ताठ होत जाते. निरोगी मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी सहज राहते. आखडलेल्या मूत्राशयाला डॉक्टर शिंप्याच्या अंगुस्तानाची उपमा देतात. अशा माणसाला दिवसाला तीस-चाळीस वेळा जावे लागते. ज्या चाळीत मजल्याला दोनच संडास, तिथे त्याने काय केले असेल?

यातला सर्वांत क्रूर टप्पा आरामाचा आहे. मूत्रवाहिनी आखडत आखडत पुरती बंद झाली की त्या बाजूची पूमिश्रित लघवी खाली येईनाशी होते. मूत्राशयाची जळजळ कमी होते, लघवी स्वच्छ दिसते. रोगी म्हणतो, आराम पडला. घरचे देवाला नारळ देतात. प्रत्यक्षात एक मूत्रपिंड कायमचे संपलेले असते. त्याच्या जागी चुना साचलेला, खिडकीच्या काचेला लावतात तसल्या लांबीसारखा गोळा उरतो. शल्यवैद्याने न कापताच मूत्रपिंड निकामी झाले, म्हणून वैद्यकात याला 'आपोआप झालेले छेदन' अशा अर्थाचे नाव आहे.

पुरुषात आणखी एक शाखा फुटते. वृषणाच्या मागे अधिवृषण नावाची नळी असते, गुंडाळी करून बसवलेली. उलगडली तर ती सुमारे सहा मीटर भरेल. शुक्रजंतू तिच्यातून जाताना परिपक्व होतात. क्षयाचे जंतू रक्तातून थेट किंवा पुरःस्थ ग्रंथीकडून इथे येतात. मग वृषणामागे एक कठीण गाठ लागते. ती बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस ती दाखवत नाही. शुक्रवाहिनी बोटांनी चाचपली तर जपमाळेच्या मण्यांसारखी लागते. कधी अंडकोशाच्या मागच्या बाजूने फुटून पाझरू लागते. उष्ण प्रदेशांत अंडकोशाची सूज म्हटली की पहिला संशय हत्तीरोगाच्या जंतांवर जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. गाठ कर्करोगाची समजून वृषण काढून टाकल्यावर, विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालात क्षय निघाल्याची उदाहरणे आजही घडतात.

गाठ भरते तेव्हा ती नळी व्रणाने बुजते. दोन्ही बाजू बुजल्या तर वीर्यात शुक्रजंतू उरत नाहीत. पुरुषाला स्वतःत काही फरक जाणवत नाही, कारण शरीरसंबंध पूर्वीसारखेच राहतात. फक्त मूल होत नाही. आणि मूल होत नाही म्हटल्यावर आपल्या समाजात तपासणी कुणाची होते, नवस कुणाला करावे लागतात, सवत कुणावर येते, हे वाचकांना सांगायला नको. दहा रुपयांच्या काचपट्टीवर दहा मिनिटांत कळणारी गोष्ट कित्येक बायकांनी जन्मभर स्वतःचा दोष म्हणून वागवली. (बाईच्या गर्भनलिकांतही क्षय अशीच वाट अडवतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) पुरुष मात्र जात असे तो एसटी स्टँडच्या भिंतीवर ज्याची जाहिरात रंगवलेली असते त्या गुप्तरोगवाल्याकडे. तिथे त्याला धातू जातो असे सांगून पुड्या दिल्या जात. चरकाच्या उपपत्तीचा हा अगदी शेवटचा, विटलेला अवतार म्हणावा लागेल. त्यात चरकाचा दोष नाही.

उपचारांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८६९ साली हायडेलबर्गच्या गुस्ताव सिमोन यांनी जिवंत माणसाचे एक मूत्रपिंड काढून दाखवले आणि माणूस एका मूत्रपिंडावर जगतो हे सिद्ध झाले. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे मूत्रपिंडाच्या क्षयावर हाच मुख्य इलाज होता. कुठले मूत्रपिंड काढायचे ते ठरवणे सोपे झाले ते दोन साधनांमुळे. मूत्राशयात घालून पाहण्याची माक्स निट्झे यांची दुर्बीण १८७७ सालची. शिरेतून औषध देऊन मूत्रमार्गाचे क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत १९२९ सालची. हवा-उन्हाच्या आरोग्यधामांची चळवळ आपल्याकडे १९०६ साली अजमेरजवळच्या तिलोनियापासून सुरू झाली आणि पाचगणी-मिरजेपर्यंत पोचली. पण १९४६ च्या भोर समितीच्या हिशेबाने देशात क्षयाचे रोगी सुमारे २५ लाख, दरसाल मृत्यू सुमारे ५ लाख आणि खाटा सुमारे ६ हजार. कुलाब्याच्या कुणब्याला त्यांतली एक मिळण्याचा संभव किती, हे उदाहरण वर्गात द्यायला हरकत नाही.

१९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले आणि पुढे रिफॅम्पिसिन. मूत्रपिंडाच्या क्षयाच्या दृष्टीने ही औषधे दुधारी निघाली. जंतू मरतात, पण व्रण जितक्या वेगाने भरतो तितक्या वेगाने मूत्रवाहिनी आखडूही शकते. म्हणून गोळ्या सुरू असतानाच पुन्हा सोनोग्राफी करून मूत्रपिंड फुगत नाही ना हे पाहावे लागते आणि गरज पडली तर नळीत आधाराची बारीक नळी बसवावी लागते. 'गोळ्या चालू आहेत, आता बघायचे काय' असे म्हणून चालत नाही.

मग प्रश्न पडतो की इतके सगळे ठाऊक असताना हा रोग लोकांना माहीत का नाही? आमच्या मते याचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर क्षयाची पाहणी केली. क्षय हा शहरांचा रोग आहे ही समजूत तिने मोडून काढली. खेड्यांतही तो तितकाच होता. छातीच्या चित्रात क्षय दिसणारे दर हजारी १३ ते २५, थुंकीत जंतू सापडणारे दर हजारी २ ते ८. बोटीने परतणाऱ्यांचा इतिहास ठाऊक असणाऱ्या कोकणाला यात नवल वाटायचे कारण नव्हते. पण यंत्र छातीपुढे धरलेले होते, कंबरेमागे नव्हे. १९६२ साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रमही थुंकीभोवतीच उभा राहिला. यात तर्क होता, आणि तो खोटा नाही. खोकणारा रोगी दुसऱ्यांना रोग देतो, मूत्रपिंडाचा रोगी सहसा देत नाही. साथ आवरायची तर आधी खोकणाऱ्याला गाठले पाहिजे. मात्र जो दुसऱ्याला रोग देत नाही त्याचे स्वतःचे मूत्रपिंड जातच असते, आणि पोस्टरवरच्या खोकणाऱ्या माणसाकडे पाहून तो निश्चिंत होतो.

आजची स्थिती पुष्कळ बरी आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरोग्याची नोंद करणे बंधनकारक आहे. २०१७ नंतर औषधे रोजच्या रोज आणि मोफत दिली जातात. लघवीतल्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारे यंत्र काही तासांत उत्तर देते. अर्थात त्याचे 'नाही' हे उत्तर शेवटचे मानू नये, कारण नमुन्यात जंतूच नसतील तर यंत्र तरी काय करणार? एक अडचण मात्र नवी आहे. लघवीच्या साध्या जळजळीवर हल्ली सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे क्षयाच्या जंतूलाही थोडी दाबतात. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा जळजळ, पुन्हा तीच गोळी. अशा दोन-तीन फेऱ्यांत वर्ष निघून जाते.

मूल न होण्याबाबतही वाट निघाली आहे. नळ्या बुजल्या तरी वृषणात शुक्रजंतू बहुधा तयार होत असतात. ते सुईने काढून, एकेक शुक्रजंतू एकेका स्त्रीबीजात टोचण्याची रीत १९९२ साली बेल्जियममध्ये यशस्वी झाली. ती महाग आहे, आणि अलिबागच्या माणसाला तिच्यासाठी अजूनही मुंबईचीच वाट धरावी लागते.

वर्गात हा विषय कसा काढावा, असे शिक्षक विचारतील. आमचा अनुभव असा की मुले आपण समजतो तितकी लाजत नाहीत. उत्सर्जन संस्थेच्या पाठात मूत्रपिंडाची आकृती काढून झाली की एवढे एक वाक्य घालावे: लघवीची जळजळ औषध घेऊनही तीन-चार आठवड्यांत गेली नाही, लघवीत पू किंवा रक्त आहे आणि साधा जंतू सापडत नाही, तर डॉक्टरांना 'हा क्षय तर नसेल?' असे विचारायचे, आणि घरात पूर्वी कुणाला क्षय झाला असेल तर तेही सांगायचे. मुले घरी जाऊन हे बोलतात. कुणाच्या तरी वडिलांच्या कपाटात लघवीच्या तपासणीचे चार जुने कागद पडलेले असतात, आणि चारही कागदांवर पांढऱ्या पेशींपुढे अधिकचे चिन्ह असते.